युयुत्सूची रात्र

अठराव्या दिवसाची संध्याकाळ. दुर्योधन डोहात जाऊन लपला आहे. त्याच्या ११ अक्षौहिणी सैन्यातले तिघे-चौघे काय ते उरलेत. कौरवांच्या छावणीत राजस्त्रियांचा आकांत चालला आहे. म्हातारे अमात्य त्यांना घेऊन हस्तिनापुराकडे निघालेत, आणि भीमाच्या भीतीने गुराखी-मेंढपाळसुद्धा नगराच्या दिशेने पळत सुटलेत. त्या गर्दीत पांडवांच्या बाजूने एक माणूस येतो. युधिष्ठिराची आणि कृष्णाची परवानगी घेऊन तो या स्त्रियांना सोबत करतो आणि सूर्य मावळता मावळता नगरात पोचतो. तिथे त्याला विदुर भेटतो. विदुराच्या डोळ्यांत पाणी आहे. तो म्हणतो, त्या आंधळ्या राजाची काठी म्हणून आता तू एकटाच उरलास. आज रात्री विश्रांती घे, उद्या युधिष्ठिराकडे जा.

मग शल्यपर्वात या माणसाविषयी एक छोटी नोंद येते. ती रात्र त्याने आपल्या घरी काढली. त्याची माणसं त्याची स्तुती करत होती, पण दुःखाने भरलेल्या त्याला तिचा आनंद झाला नाही. भरतांनी एकमेकांचा केलेला संहार तेवढा त्याच्या मनात होता.

या माणसाचं नाव युयुत्सू. धृतराष्ट्राचा मुलगा. तो जिंकलेल्या बाजूचा होता, आणि ती बाजू त्याने युद्धाआधी, निकाल ठाऊक नसताना, दोन्ही सैन्यांच्या देखत निवडली होती. त्याच्या निवडीत मला तरी खोट सापडत नाही. तरीही ती रात्र. गेली कित्येक वर्षं मी महाभारत वाचताना या ओळीपाशी आलो की पुढे जाऊ शकत नाही.

युयुत्सूची ओळख फार थोड्यांना असते. गांधारी गरोदर होती, तिचे दिवस लांबत चालले होते, तेव्हा धृतराष्ट्राच्या सेवेत असलेल्या एका वैश्य स्त्रीला त्याच्यापासून झालेला हा मुलगा. १०० कौरव, एक दुःशला, आणि हा वेगळा. महाभारत त्याला अनेकदा नुसतं ‘वैश्यापुत्र’ म्हणतं. लहानपणी भीमावर विषप्रयोग झाला तेव्हा पांडवांना सावध करणारा हाच.

त्याच्या नावाचा अर्थ ‘लढू इच्छिणारा’. आणि एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. गीतेचा पहिला श्लोक आपल्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी पाठ केलेला असतो. धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे समवेता युयुत्सवः. आंधळा बाप विचारतो आहे आणि त्याच्या पहिल्याच ओळीत त्याच्या या मुलाचं नाव, त्याच्या नकळत, अनेकवचनात येऊन बसलं आहे. लगेच पुढच्या चरणात तो माणसांची वाटणी करतो: मामकाः पाण्डवाश्चैव. माझे, आणि पांडूचे. ज्यांना त्याने आपल्याच मांडीवर वाढवायला हवं होतं ते भावाचे मुलगे एका शब्दात पलीकडचे झाले. या प्रश्नावर भाष्य करताना ज्ञानदेव धृतराष्ट्राला पुत्रस्नेहाने मोहित झालेला म्हणतात, ते उगीच नव्हे. सगळं युद्ध त्या ‘मामकाः’मध्ये आहे. आणि युयुत्सू? तो धृतराष्ट्राचाच, म्हणजे ‘मामक’; उभा मात्र पांडवांकडे. बापाच्या वाटणीत त्याला जागाच नाही.

तो पलीकडे कसा गेला, तो प्रसंग गीता संपल्यावर लगेच येतो, आणि गीतेच्या तेजात झाकला जातो. अर्जुनाने धनुष्य पुन्हा उचललं आहे. शंख वाजताहेत. तेवढ्यात युधिष्ठिर कवच उतरवतो, शस्त्रं ठेवतो, रथाखाली उतरतो आणि पायी, हात जोडून, शत्रूच्या सैन्याकडे चालू लागतो. भाऊ घाबरतात. कौरवांचे सैनिक हसतात, त्यांना वाटतं हा शरण चालला. तो भीष्मांपुढे जातो, द्रोणांपुढे, कृपांपुढे, मग शल्यापुढे. लढायची परवानगी मागतो. आशीर्वाद मागतो. चौघेही देतात. आणि चौघेही जवळपास त्याच शब्दांत एक कबुली देतात:

अर्थस्य पुरुषो दासो दासस्त्वर्थो न कस्यचित्।

माणूस अर्थाचा, म्हणजे धनाचा, दास आहे, अर्थ कुणाचाच दास नाही; हे खरं आहे, महाराज, कौरवांनी मला अर्थाने बांधलं आहे. भीष्म तर म्हणतात, म्हणून मी तुझ्याशी असं नपुंसकासारखं बोलतो आहे. ज्यांनी राज्य सोडलं, लग्न सोडलं, ज्यांच्या प्रतिज्ञेचं नाव घेऊन आजही माणसं शपथा घेतात, ते भीष्म हे बोलताहेत. प्रतिज्ञेचं नाव ते इथे घेत नाहीत. मिठाचं घेतात.

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी शब्द भरपूर आहेत. खाल्ल्या मिठाला जागणं. इमान. निष्ठा. आणि उलट्या बाजूचेही: घरभेदी, फितूर, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. जो ओलांडून गेला त्याच्यासाठी शिव्या तयार आहेत. चुकतंय हे दिसत असूनही जो जागेवर बसून राहिला त्याच्यासाठी मला एकही शिवी आठवत नाही. त्याला आपण फार तर ‘अडकलेला’ म्हणतो, आणि मनातून त्याची कीव करतो, थोडा आदरही.

तर, चौघा वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद घेऊन युधिष्ठिर परत फिरतो आणि दोन सैन्यांच्या मध्ये उभा राहून मोठ्याने सांगतो: जो आम्हाला निवडेल, त्याला मी साहाय्यासाठी स्वीकारीन. क्षणभर त्या मैदानाची कल्पना करावी. १८ अक्षौहिणी माणसं. आणि एक रथ हलतो.

युधिष्ठिर त्याला म्हणतो, ये. आणि मग म्हणतो: त्वयि पिण्डश्च तन्तुश्च धृतराष्ट्रस्य दृश्यते. धृतराष्ट्राचा पिंड आणि त्याच्या वंशाचा धागा मला तुझ्यात दिसतो आहे. स्वागताचं हे वाक्य किती भयंकर आहे! तू आमच्याकडे आलास, याचा अर्थ तुझे सगळे भाऊ मरणार आणि बापाला पाणी देणारा तू एकटा उरणार.

त्या हाकेच्या वेळी समोरच्या रांगेत आणखी एक भाऊ होता. माझ्या मते ती हाक सगळ्यांत जास्त त्याच्यासाठी होती.

विकर्ण. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न आठवा. स्वतःला आधी हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क उरतो का? तो कायद्याचा प्रश्न होता आणि तिने तो कायद्याच्याच भाषेत विचारला होता. भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे. बाकीचे गप्प. तेव्हा धृतराष्ट्राचा हा धाकट्यांतला मुलगा उठला. त्याने आधी थोरांना विचारलं, तुम्ही बोलत का नाही? मग जमलेल्या राजांना पुन्हा पुन्हा सांगितलं, राग-लोभ बाजूला ठेवा आणि उत्तर द्या. कोणी बोललं नाही. तो हातावर हात चोळत, उसासे टाकत राहिला. शेवटी म्हणाला, तुम्ही बोला अगर न बोला, मला जे न्याय्य वाटतं ते मी सांगतो.

आणि त्याने ते मुद्देसूद सांगितलं. शिकार, मद्य, द्यूत आणि स्त्रीलंपटपणा, राजांची ही चार व्यसनं. त्यांत बुडालेल्या माणसाने केलेलं कृत्य धरायचं नसतं. द्रौपदी पाचांची आहे, एकाची नाही. युधिष्ठिराने तिला लावलं ते स्वतः हरल्यावर. आणि तिचं नाव काढलं ते शकुनीने. एवढं सगळं पाहता ती जिंकली गेलेली नाही. सभेत मोठा गलका झाला. लोक विकर्णाची वाहवा करू लागले, शकुनीची निंदा करू लागले.

तो गलका मला महत्त्वाचा वाटतो. म्हणजे सभेतल्या लोकांना कळत होतं. त्यांना एका आवाजाची वाट पाहायची होती. तो आवाज मिळाल्यावर ते ओरडलेही. आणि तरी पुढे काही झालं नाही.

कारण कर्ण उठला. त्याचं उत्तर मुद्द्याला नंतर येतं, आधी येतं ते हे: अरणीतून, म्हणजे घासून अग्नी पाडायच्या लाकडातून, जन्मलेला अग्नी जसा अरणीलाच जाळतो तसा तू आपल्या कुळाच्या नाशाला निघाला आहेस. म्हणजे घरभेद्या. मग तू पोर आहेस, मोठ्यांसारखं बोलतोस. मग द्रौपदीविषयी जे तो बोलला ते इथे लिहायची माझी इच्छा नाही, आणि मग दुःशासनाला वस्त्रं फेडायची आज्ञा. विकर्णाचा आवाज त्या सभेत पुन्हा ऐकू येत नाही.

१३ वर्षं जातात. गीतेच्या पहिल्या अध्यायात दुर्योधन द्रोणांना आपल्या बाजूचे नामांकित वीर मोजून दाखवतो. आपण, भीष्म, कर्ण, कृप, अश्वत्थामा, विकर्ण. सहावं नाव. ज्याने भर सभेत त्याला अधर्मी ठरवलं, त्याचं नाव दुर्योधन अभिमानाने घेतो. त्याला धोका वाटत नाही. एकदा बोलून खाली बसलेल्या माणसाचा धोका कुणालाच नसतो, उलट त्याच्यामुळे घराची शोभाच वाढते: बघा, आमच्याकडे असेही आहेत.

चौदाव्या दिवशी भीमाने त्याला मारलं, आणि मारल्यावर शोक केला. तुम्हा सगळ्यांना मारायची प्रतिज्ञा मी केली होती, विकर्णा, म्हणून तू मेलास, असं तो म्हणाला. भीमासारख्या माणसाने शत्रूच्या प्रेताशी थांबून असं बोलावं, यात विकर्णाच्या त्या एका भाषणाची सगळी किंमत आहे. त्या भाषणाने त्याला एवढंच मिळवून दिलं.

मी विकर्णावर इतका वेळ का थांबलो, ते सांगायला हवं.

आमचे धाकटे काका अचानक गेले. मुलगी शाळेत होती. वर्ष व्हायच्या आत थोरल्या काकांनी घरात सगळ्यांना बोलावलं. वडिलोपार्जित जमिनीतला धाकट्यांचा वाटा काकूने सोडावा, मुलीचं शिक्षण आणि लग्न घराणं बघेल, जमीन एकत्र राहील. मुद्रांकावर टाईप केलेलं हक्कसोडपत्र तयारच होतं. काकूने एकच प्रश्न विचारला. “हे गेले म्हणजे यांचा वाटाही गेला का?” खोलीत तिच्या बाजूने बोलू शकतील अशी निदान आठ माणसं होती. सगळी जमिनीकडे बघत होती.

मी बोललो. म्हटलं, काकूचा वाटा काकूच्या नावावर राहू दे, जमीन एकत्र कसायला तिची हरकत नाहीये. माझा आवाज थरथरत होता, पण मी पूर्ण बोललो. दोघा-तिघांनी मान डोलावली. मग एक वडीलधारे शांतपणे म्हणाले, “तुझ्या इंजिनिअरिंगची फी कोणी भरली, आठवतंय ना?” थोरल्या काकांनी भरली होती. चारही वर्षं. ते स्वतः काही बोलले नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि तेच मला सोसवेना. मी गप्प बसलो. अर्ध्या तासाने साक्षीदार म्हणून सही करायला माणूस हवा होता. मी केली. नोंदणीला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातही मीच बरोबर गेलो.

अर्थाने बांधलं आहे, हे वाक्य मी पुढे कधीतरी भीष्मपर्वात वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. मी थोरल्या काकांचा ऋणी होतो हे खरं होतं, आजही आहे. ते वाईट माणूस नव्हते. माझ्यावर त्यांची माया होती आणि माझी त्यांच्यावर. लोक म्हणतात, अन्यायाच्या विरुद्ध उभं राहावं. समोर अन्याय एकटा उभा असता तर कुणीही राहिलं असतं. तो आपल्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून उभा असतो.

म्हणून कर्णाचा विचार करताना मला सरसकट निवाडा देता येत नाही. कृष्ण त्याला रथात घेऊन सांगतो की तू थोरला पांडव आहेस, ये, राज्य तुझं. तेव्हा कर्ण काय म्हणतो? मला वाढवणाऱ्या राधेला मला पाहताच पान्हा फुटला होता. अधिरथाने मला मुलगा मानलं. दुर्योधनाच्या आधारावर मी १३ वर्षं राज्य भोगलं. सगळी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या तरी हे नातं मी खोटं करणार नाही. इथे त्याचं ओलांडून न जाणं मला समजतं, त्याच्यापुढे मान लववावीशी वाटते. पण त्याच संवादात तो आणखी एक गोष्ट बोलतो. धृतराष्ट्राच्या मुलाला बरं वाटावं म्हणून पांडवांना मी जे कडवट बोललो, त्या कृत्याने मी आज जळतो आहे. त्याला बरं वाटावं म्हणून! निष्ठा जिथे सडते ती नेमकी जागा कर्णाला स्वतःला दिसली होती. मित्रासाठी मरणं वेगळं. मित्राला खूश करण्यासाठी तिसऱ्याच माणसाला, एका निराधार बाईला, ठेचणं वेगळं. पहिल्याबद्दल मी कर्णाला काही विचारणार नाही. दुसऱ्यासाठी मैत्रीची सबब मी ऐकून घेणार नाही, आणि तोही देत नाही.

कोणाचीच बाजू नको म्हणणारा बलरामही आहे. दोघांवर माया, म्हणून तो तीर्थयात्रेला निघून गेला आणि ४२ दिवसांनी परतला तो गदायुद्धाच्या वेळेला. भीमाने मांडीवर घाव घातल्यावर मात्र नांगर उगारून धावला. मला त्याच्याविषयी फार बोलावंसं वाटत नाही. सरस्वतीच्या काठची तीर्थं पवित्र असतीलच.

खरा जवळचा वाटतो तो विदुर. त्यानेही पक्ष बदलला नाही, पण त्याचं राहणं भीष्मांच्या राहण्यासारखं नाही. पांडव वनात गेले, कुंती विदुराच्या घरी राहिली. कृष्ण शिष्टाईला आला तो दुर्योधनाचं जेवण नाकारून विदुराकडे जेवला. धृतराष्ट्राने एकदा चिडून त्याला हाकलून दिलं, तेव्हा तो सरळ काम्यकवनात पांडवांकडे गेला. आणि भावाला त्याच्याविना करमेना, संजयाला धाडून बोलावलं, तेव्हा परत आला. आल्यावर त्याने काय सांगितलं? पांडूचे मुलगे मला जसे, तसेच तुझे. पण ते आज दीन आहेत, म्हणून माझी बुद्धी त्यांच्याकडे झुकली. दीना इति हि मे बुद्धिः. एवढाच निकष. कोणाचं मीठ, कोणाचं रक्त, कोणाचा उपकार, हे सगळं मान्य करून शेवटी तराजूत आज खाली कोण आहे ते पाहायचं.

युयुत्सूने बहुधा तेच पाहिलं असावं. आणि पाहिल्यावर तो रथ घेऊन निघाला, विकर्ण निघाला नाही. दोघांत शहाणपणाचा फरक मला दिसत नाही, विकर्णाची बुद्धी जास्तच तेज होती. कदाचित युयुत्सूला घराने कधी पुरतं ‘मामक’ मानलंच नव्हतं, म्हणून त्याचे पाय मोकळे राहिले. हे कारण त्याला लहान करतं असं मला वाटत नाही. ज्याला पंगतीत शेवटी बसवलं जातं त्याला ताटं वाढणाऱ्याचा हात स्पष्ट दिसतो.

पण ओलांडून गेलेल्या माणसाची सुटका तिथे होत नाही. अभिमन्यू पडल्यावर कौरव जल्लोष करू लागले तेव्हा युयुत्सूने ओरडून त्यांना विचारलं, अर्जुनापुढे चाललं नाही म्हणून पोराला मारून नाचता? त्याच्या त्या ओरडण्यात मला अजूनही भाऊ ऐकू येतो. परक्यांच्या अधर्माने कुणी इतकं कळवळत नाही. युद्ध संपल्यावर मेलेल्यांची दहनं करायची आज्ञा युधिष्ठिराने ज्यांना दिली त्यांत विदुर, संजय, धौम्य यांच्याबरोबर युयुत्सूचं नाव आहे. आपल्या भावांच्या चिता त्याने रचल्या. पुढे १५ वर्षांनी धृतराष्ट्र वानप्रस्थाला गेला, तिथे वणव्यात गांधारी आणि कुंतीसह जळून मेला. बातमी आली तेव्हा सगळे गंगेवर गेले आणि युयुत्सूला पुढे करून त्यांनी त्या राजाला पाणी दिलं. कुरुक्षेत्रावर म्हटलेलं युधिष्ठिराचं वाक्य असं खरं झालं. पांडव महाप्रस्थानाला निघाले तेव्हा परीक्षिताला गादीवर बसवून राज्याचा भार सोपवला तोही याच्यावर. ज्याला घराने घरात धरलं नाही, त्याच्याकडे शेवटी घर सांभाळायला आलं.

थोरले काका गेल्या वर्षी गेले. दहाव्याला आम्ही घाटावर होतो, पिंड ठेवले होते आणि कावळा शिवत नव्हता. समोरच्या झाडावर चार-पाच बसलेले दिसत होते. एकेक जण पुढे होऊन हात जोडून सांगू लागला, तुमच्या नातवाचं बघू, काकीला अंतर देणार नाही, देवघराचं काम पूर्ण करू. कावळे हलेनात. मला ठाऊक होतं काय म्हणायला हवं. घशापर्यंत आलंही. तेवढ्यात मागून धाकटी काकू पुढे आली. पदर सावरून म्हणाली, “भाऊजी, माझ्या मुलीचं सगळं नीट झालंय. तुम्ही काळजी करू नका.” तरीही नाही. ऊन चढलं, मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

परतताना मी काकूबरोबर चालत होतो. म्हटलं, “काकू, मी त्या दिवशी सही करायला नको होती.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. पायऱ्या चढून वर आल्यावर म्हणाली, “तू बोललास ना, तेव्हा मी हातातलं पेन खाली ठेवलं होतं. वाटलं, आता आणखी कुणीतरी बोलेल.”